ब्रिसल म्हणजे घोड्याचे केस

चारचौघांत बोलायची वेळ आली की माझे शब्द आधी इंग्रजीत येतात, आणि त्यांचं मराठी होईपर्यंत विषय बदललेला असतो. म्हणून मी गप्प बसते. घरात याला स्वभाव म्हणतात, बाहेर शिष्टपणा. मला बघायला आलेल्या पहिल्या तिन्ही स्थळांनी नकार दिला. एकाने कारण सांगितलं नाही, दोघांनी सांगितलं, "पोरगी बोलत नाई."

चौथं स्थळ अकोल्याचं होतं. तो मुलगा मला आवडला, आणि तोही एका साध्या गोष्टीवरून. मी वाक्याच्या मध्येच अडकले तर तो उरलेलं वाक्य स्वतः पूर्ण करायचा नाही. थांबायचा. दोनदा फोनवर आणि एकदा अमरावतीला आमच्या घराच्या गच्चीवर तो असा थांबला होता. हे लग्न व्हावं असं मला वाटत होतं. पुढे जे काही मी केलं ते याच एका गोष्टीसाठी, असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं.

घर पाहायला आम्ही अकोल्याला गेलो. मी, आई आणि चांदूर रेल्वे गावचे मामा. स्थळ त्यांनीच आणलेलं. मुलाचे वडील पोस्टातून निवृत्त झालेले, उंच, गुळगुळीत दाढी केलेले. त्यांनी महानुभाव पंथाचा उपदेश घेतलेला होता. येणाऱ्या प्रत्येकाला "दंडवत प्रणाम" म्हणायचे. त्या घरात मांसमच्छी तर सोडाच, अंड्याचा केकसुद्धा येत नाही, हे मामांनी आम्हाला गाडीतच सांगून ठेवलं होतं. आमच्याकडे आई रविवारी ऑम्लेट करते, ते कुठेही बोलायचं नाही, हेही.

जेवणाआधी मी हात धुवायला न्हाणीत गेले. आरशाखालच्या फळीवर दाढीचा ब्रश होता. लाकडी मूठ, रंग गेलेला, केस पिवळे पडून एका बाजूने झिजलेले. मुठीवर बारीक इंग्रजी अक्षरं होती. मी इंग्रजी दिसलं की वाचते. पाकिटं, औषधांच्या चिठ्ठ्या, काहीही. त्या भाषेत माझ्याकडे कोणी बघत नसतं. प्युअर ब्रिसल, असं लिहिलं होतं. मी ब्रश होता तसा ठेवला आणि हात दोनदा धुतले.

ब्रिसल म्हणजे काय हे मला फार लहानपणी कळलं होतं, शब्द कळायच्या आधी. अमरावतीत आमच्या शाळेच्या मागे नाला होता आणि नाल्यात डुकरं. मी चौथीत असेन. दुपारच्या तासाला खिडकीतून दिसलं, दोन माणसांनी एका डुकराचे चारही पाय बांधून त्याला आडवं पाडलं होतं. एकजण त्याच्या मानेवर गुडघा देऊन बसला होता. दुसरा त्याच्या पाठीच्या कण्यावरचे उभे, जाड केस मुठीमुठीने उपटत होता आणि शेजारच्या फडक्यावर नीट एका दिशेने लावून ठेवत होता. डुक्कर ओरडत होतं. माणसासारखं, असं मी लिहिणार नाही. डुकरासारखंच ओरडत होतं. तेवढंही पुरे असतं. टीचरनी खिडक्या लावल्या. तरी आवाज येतच राहिला, तेव्हा त्या हसल्या आणि फळ्यावर एक शब्द लिहिला. स्क्वील. सगळ्यांनी पाच-पाच वेळा लिहून काढला. माझं स्पेलिंग बरोबर आलं. शाळा सुटल्यावर पाहिलं तर ते डुक्कर मोकळं सोडलेलं होतं. पण पळालं नव्हतं. तिथेच उभं होतं, पाठीवर कण्याच्या रेषेत लाल ठिपके.

त्या केसांचं काय करतात हे कॉलेजात असताना एकदा फोनवर वाचलं. बाबा तेव्हा होते. घरात त्यांचा एक ब्रश होता, त्याच्यावरही तेच लिहिलेलं. मी तो फेकून दिला आणि हरवला म्हणून सांगितलं. मला वाद घालता येत नाही. मी वस्तू लपवते.

आमच्याकडे साखरपुड्याला साक्षगंध म्हणतात. मुलीकडचे नवरदेवाला ताट देतात. कापड, रुमाल, अत्तर, आणि हल्ली दाढीचं सामान. कापड आईने घेतलं. दाढीचं सामान मी निवडेन, असं मी म्हणाले तर आईला आश्चर्य वाटलं, मी काहीतरी मागितलं म्हणून. अमरावतीत चार दुकानं फिरले. पहिल्या दुकानदाराने छातीवर हात ठेवून ओरिजिनल म्हणून जो ब्रश दाखवला तो डुकराचा होता. दुसऱ्याला मी विचारलं, हे केस कशाचे, तर तो म्हणाला, "केसाचेच हायेत." शेवटी एकाकडे नायलॉनसारख्या कृत्रिम केसांचा मिळाला, मऊ, पांढरा, टोकांना किंचित तपकिरी. मी तो माझ्या गालावर फिरवून पाहिला. चांगला होता.

साक्षगंधाच्या दिवशी त्यांच्या बैठकीत तीस-पस्तीस माणसं असतील. पुरुष खुर्च्यांवर, बायका सतरंजीवर. ताटावरचा रुमाल काढला आणि त्याच्या वडिलांनी नेमका ब्रशच उचलला. अंगठ्याने केस वाकवून पाहिले.

"हा तं नायलॉन हाय," ते म्हणाले. "माह्या पोराच्या तोंडाले झाडू देला का जी?"

पुरुष हसले. सगळ्यात मोठ्याने मामा हसले, जे आमच्याकडचे होते. "अजी, इंग्लिश मिडियमची पोट्टी हाय," ते म्हणाले. "भांडे घासाचा ब्रश अन् दाढीचा ब्रश तिले एकच वाटला असन."

"तिलेच इचारा नं," मागून कोणीतरी म्हणालं. "आवाज निंगते का नाई थे तरी समजन."

"बोल वं बाई," त्याचे वडील म्हणाले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. त्यांना मजा येत होती. "काहून आणला हा?"

मी मान खाली घालून शब्द शोधत होते. मंगल कार्य चालू होतं. डुक्कर हा शब्द तिथे बरा दिसला नसता, म्हणून मी शाळेच्या पुस्तकातला चांगला शब्द काढला.

"याच्यात वराहाचे केस नसतात."

"कोनाचे?"

"वराहाचे."

"अवतारातला वराह?" मामा म्हणाले. "म्हंजे देवाचे केस? बाप्पा!"

आता बायकासुद्धा हसल्या. आईही हसली, आपली मुलगी एकटी पडू नये म्हणून हसतात तशी, पण हसलीच. मी वर पाहिलं. तो थांबला होता, मी बोलायची वाट बघत. आणि मी बोलले.

"डुकराचे. बाजारातले बहुतेक ब्रश डुकराच्या केसांचे असतात. जिवंत डुकराला बांधून त्याच्या पाठीवरून उपटतात. वर ब्रिसल लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ डुक्कर. तुमच्या न्हाणीतल्या ब्रशवरही लिहिलेलं आहे."

इतकं सलग मराठी मी आयुष्यात पहिल्यांदा बोलले. एकाही शब्दाला अडखळले नाही. शेवटचं वाक्य बोलायची काहीच गरज नव्हती. डुकराचं जे होतं ते त्याच्या आधीच्या वाक्यात सांगून झालं होतं. शेवटचं वाक्य माझ्यासाठी होतं.

त्याच्या वडिलांचा हात गालाकडे गेला. सकाळीच केलेली दाढी होती. हात गालाला लागायच्या आत थांबला, जसा आपण गरम भांड्यापाशी थांबवतो.

मग त्याची आई हसली. ती बुटकी, सावळी बाई सकाळपासून एक शब्द बोलली नव्हती. मला वाटलं होतं, ही माझ्यासारखी आहे. तिचं हसू आधी नाकातून आलं, मग आवरेना.

"मायबाई!" ती म्हणाली. "चाळीस वर्सं! तेल्हाऱ्याहून, मायेरून आली का उंबऱ्यात उभी करून माहं तोंड हुंगे हा मानूस. मटनाचा वास येते का म्हून. माय मेली तवा गेली होती मी, वापस आली तवाई हुंगलं. अन् सोता? रोज सकाळी डुक्कर फासे गालाले!"

ती सतरंजीवरून उठून उभी राहिली आणि पुरुषांच्या खुर्च्यांकडे हात करून म्हणाली, "या. कोनाले वास घ्याचा असन तं घ्या. लाजू नका."

तेव्हा हसू जे फुटलं ते माझ्यावर नव्हतं. अंगठ्या घालायच्या होत्या त्या घाईघाईने घातल्या. त्या संध्याकाळी गाडीत मामा मला काय काय बोलले ते आठवत नाही, कारण मी ऐकत नव्हते. मला बरं वाटत होतं. तो म्हातारा माणूस गालापाशी हात थांबवून बसला होता ते मी पुन्हा पुन्हा आठवत होते, आणि मला बरं वाटत होतं.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी दाढी करणं सोडलं. आठवड्याने ते रिद्धपूरला, पंथाच्या स्थानी, जाऊन आले. तिथल्या महंतांनी त्यांना प्रेमाने सांगितलं की अजाणता घडलं त्याची खंत मनात धरू नये, आता ठाऊक झालं तर वापरू नये, संपलं. पाप तिथे फिटलं. हसू फिटलं नाही. त्यांची बायको रोज सकाळी चहाचा कप त्यांच्यासमोर ठेवायची आणि विचारायची, "आज दाढी नाई का जी?" बाकी काही नाही. एवढंच, रोज. हे मला त्याने फोनवर सांगितलं. मला हसू आलं, त्याला आलं नाही.

"बाबा म्हणतात, मी असाच घरी बसतो, तुम्ही लग्न लावून या," तो म्हणाला. "वडील असून मांडवात नाहीत, मग लोक काय म्हणतील? काका तर आत्ताच म्हणून राहिले की पोरगी पायगुणाची नाही, मोडून टाका." मग तो थांबला. आणि म्हणाला, "तूच बोलली, तर तूच त्यांच्यासाठी एक चांगला ब्रश निवडून दे. त्यांना पटेल असा."

मी अकोल्याला गेले. तो मला सलूनचं सामान विकणाऱ्या एका जुन्या दुकानात घेऊन गेला. दुकानदार म्हातारे मुसलमान गृहस्थ होते. मी विचारायच्या आतच त्यांनी हात हलवला.

"सूअर का हमारे यहाँ नहीं मिलेगा, बेटा. हम हाथ भी नहीं लगाते."

"मग हे कशाचे आहेत?"

त्यांनी तीन ब्रश काढले. एक बिज्जूच्या, म्हणजे बॅजरच्या केसांचा, परदेशातून आलेला. "इसमें जानवर जाता है," एवढंच म्हणून तो त्यांनी बाजूला सारला. दुसरा घोड्याच्या शेपटीच्या केसांचा. "शेपटी कापते, जशे तुमचे केस कापते. घोडा जिंदा राहते, असं म्हनते लोकं. मी पाहाले गेलो नाई." तिसरा कृत्रिम. त्यांनी काडी ओढली आणि प्रत्येकातला एक केस उपटून ज्योतीत धरला. पहिल्या दोघांचा वास एकच आला, जळक्या केसाचा, आपलाच येतो तसा. तिसऱ्याचा बारीक काळा मणी झाला आणि प्लॅस्टिकचा वास आला.

"ये किसी के बाप के बाल नहीं," ते म्हणाले. "ले जाओ."

मी तो घेतला. गाडीवरून परतताना मी त्याला शाळेमागच्या नाल्यातल्या त्या डुकराची गोष्ट सांगितली. पूर्ण सांगितली, मराठीत. त्याने सिग्नलला गाडी थांबवली आणि मान मागे वळवून म्हणाला, "हे तू तेव्हा सांगायचं होतं ना. त्यांच्या ब्रशचं कशाला सांगितलं?" माझ्याकडे उत्तर होतं. मी दिलं नाही.

पत्रिकापूजनाच्या आदल्या दिवशी मामा अमरावतीला घरी आले. मी ब्रशचा डबा दाखवला तर त्यांनी तो उघडलाही नाही.

"थ्या बुढ्याले ब्रश नाई पायजे," ते म्हणाले. "त्याले इज्जत पायजे. तू उद्या साऱ्यायसमोर सांगून दे का माही चूक झाली, ब्रिसल म्हंजे घोड्याचे केस. तुले मराठी येत नाई हे साऱ्यायले माहीत हाय. कोनी शंका घेनार नाई."

"पण ते खोटं आहे."

"मंग खरं घिऊन बस. चौथं हाय हे. पाचवं मी आनत नाई."

मी त्याला फोन केला. मला वाटत होतं तो नको म्हणेल. त्याने नेहमीसारखं माझं सगळं बोलणं होऊ दिलं.

"सांगून टाक ना," तो म्हणाला. "खरं काय ते तुला माहीत आहे, मला माहीत आहे. अजून कोणाला कशाला माहीत पाहिजे?"

पत्रिकापूजनाला तीच बैठक, तीच माणसं. त्याच्या वडिलांची दाढी पांढरी आणि विरळ वाढली होती, ते आजारी वाटत होते. त्याची आई आता मागे सतरंजीवर नव्हती. ती पुढे, नवऱ्याच्या खुर्चीशेजारी दुसऱ्या खुर्चीवर बसली होती, आणि आल्यागेल्याशी मोठ्याने बोलत होती. मला पाहून ती हसली आणि तिने माझा हात दाबला.

पूजा झाली. मामांनी माझ्याकडे पाहिलं.

"माझी चूक झाली," मी म्हणाले. "ब्रिसल म्हणजे घोड्याच्या शेपटीचे केस असतात. मला वाटलं डुकराचे. मला नीट समजलं नव्हतं."

माझ्या मराठीवर खापर फुटणार म्हणून सगळं ठरलं होतं, आणि चुकला होता तो शब्द इंग्रजी. हे फक्त मामांच्या लक्षात आलं, आणि त्यांनी ते वाया जाऊ दिलं नाही.

"म्हंजे इंग्लिशबी येत नाई!" ते म्हणाले. "एवढी शाळा शिकून ना हे आलं ना थे आलं!"

सगळे हसले. मनापासून, सुटल्यासारखे. माझी आईही.

त्याची आई हसली नाही. "घोड्याचे?" तिने मला विचारलं.

"हो."

"पक्कं?"

तिचे डोळे माझ्यावर होते. तिला सगळं ठाऊक होतं. मी फक्त नाही म्हणायचं होतं, मान हलवली असती तरी चाललं असतं. चाळीस वर्षांत तिच्या हाताला एकच गोष्ट लागली होती, आणि ती मीच दिलेली होती.

"पक्कं," मी म्हणाले.

"बरं," ती म्हणाली, आणि खुर्चीवरून उठून आत गेली.

त्याचे वडील उठले. मी आणलेला डबा टेबलावर तसाच होता. त्यांनी कपाटावरून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. जुना ब्रश. "घोड्याचा हाय नं?" ते कोणाकडेही न बघता म्हणाले. "मंग काहून टाका?" न्हाणीचं दार लागलं. अर्ध्या तासाने ते गुळगुळीत होऊन बाहेर आले, दारात उभे राहिले आणि आत स्वयंपाकघराकडे बघून म्हणाले, "चाय आन. अन् आता हासजो."

तिने चहा आणला. काही विचारलं नाही.

लग्न झालं. न्हाणीतल्या फळीवर आता दोन ब्रश असतात. माझ्या नवऱ्याचा पांढरा, आणि सासऱ्यांचा पिवळा, झिजलेला, रोज सकाळी ओला. मी त्यांना मुद्दाम डुकराकडे परत पाठवलं आहे, जाणूनबुजून, आणि ते दुरून मला रोज "दंडवत प्रणाम" म्हणतात. मी खाली बघून दंडवत करते. त्या नाल्यातल्या डुकराचा या सगळ्यात कोणालाच काही उपयोग झाला नाही, आणि आमचा त्याला नाही.

पहिल्यांदा माहेरी जाऊन आले तो दिवस सांगते आणि संपवते. चार दिवस अमरावतीला होते. निघायच्या दिवशी सकाळी आईने विचारलंच नाही, सरळ ऑम्लेट करून समोर ठेवलं. मी खाल्लं. दोन वेळा दात घासले आणि गाडीत बडीशेप चघळत आले.

दार सासूबाईंनी उघडलं. माहेरून आलेल्या सुनेवरून भाकरतुकडा ओवाळतात, म्हणून मी उंबऱ्याबाहेर थांबले. पण त्यांच्या हातात काही नव्हतं. आत सासरे वर्तमानपत्र वाचत होते, त्यांनी मान वर केली नाही.

"थांब," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी दाराच्या चौकटीला दोन्हीकडे हात लावले आणि चेहरा माझ्या चेहऱ्याजवळ आणला. "तोंड कर इकडं."

मी मागे पाहिलं. नवरा माझी बॅग घेऊन पायरीवर उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. तो थांबला होता. तो नेहमीच थांबतो.

मी तोंड उघडलं.